मशीन रिकामी जागा सोडत नाही

रात्रीचे अडीच वाजले होते. हेडफोनमध्ये अमेरिकेतल्या एका डॉक्टरांचा दमलेला आवाज, पायाखाली फूट पेडल आणि स्क्रीनवर मशीनने आधीच टाइप करून ठेवलेला मजकूर. त्यात एक ओळ होती, 'नाऊ एव्हिडन्स ऑफ ब्लीडिंग'. म्हणजे आता रक्तस्राव दिसतो आहे. आधीच्या ओळींशी ते जुळेना. पेडल दाबून मागे गेले, पुन्हा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. डॉक्टर म्हणत होते, 'नो एव्हिडन्स ऑफ ब्लीडिंग'. रक्तस्राव नाही.

'नो' आणि 'नाऊ' यांत एका स्वराचा फरक. त्या ओळीत स्पेलिंग चुकलेलं नव्हतं, व्याकरण बिघडलेलं नव्हतं, शब्दाखाली लाल रेघ आलेली नव्हती. नुसती वाचणाऱ्याला ती अगदी सरळ वाटली असती. आवाज न ऐकता मी पुढे गेले असते, तर एका माणसाच्या कागदावर नसलेला रक्तस्राव कायमचा लिहिला गेला असता.

मी दहा-अकरा वर्षं पुण्यात मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन केलं. सुरुवातीला आम्ही डॉक्टरांचं डिक्टेशन ऐकून पहिल्या शब्दापासून टाइप करायचो. मग मशीनने ऐकून लिहिलेलं तपासायचं काम आलं. आता एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात आहे आणि इथेही डॉक्टर बोलून नोंदी करू लागलेत. या मशीनमुळे डॉक्टरांचा वेळ खरोखर वाचतो, ते मी रोज बघते. म्हणूनच ते कुठे आणि का चुकतं, आणि चुका कमी करायला काय करता येतं, हे नीट सांगावंसं वाटतं.

मशीन ऐकतं म्हणजे काय करतं

आपण बोलतो तेव्हा हवेत लाटा उठतात. मायक्रोफोन त्यांचे आकडे करतो. मग त्या आवाजाचे अगदी बारीक काप केले जातात, साधारण २५ मिलिसेकंदांचा एक, दर १० मिलिसेकंदांनी पुढचा. प्रत्येक कापात कोणते सूर किती जोरात आहेत ते पाहून मशीन अंदाज बांधतं की हा 'न' असेल, हा 'ओ' किंवा 'आऊ' असेल. एवढ्यावर वाक्य बनत नाही, कारण माणसं बोलताना शब्द गिळतात, जोडतात, घाई करतात.

म्हणून दुसरा अंदाज लागतो, भाषेचा. कुणी 'गणपती बाप्पा' म्हटलं आणि पुढचा शब्द ढोलताशांत बुडून गेला, तरी तो काय होता हे आपल्याला सांगावं लागत नाही. मशीनही तेच करतं. कोणत्या शब्दांनंतर कोणता शब्द येतो, हे प्रचंड मजकूर चाळून त्याने शिकून ठेवलेलं असतं. १९७०च्या दशकात आयबीएममध्ये फ्रेडरिक जेलिनेक यांच्या गटाने बोलणं ओळखण्याचा प्रश्न असाच शक्यतांचा हिशोब म्हणून मांडला. आजची मशीनं त्या काळापेक्षा कितीतरी मोठी आणि वेगळ्या बांधणीची आहेत, पण त्यांचं उत्तर अजूनही 'सगळ्यांत जास्त शक्य काय' याचंच असतं.

वैद्यकीय कागदाची अडचण इथेच सुरू होते. रुग्णाबद्दलची महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा नेहमीसारखी नसते. शंभर जणांना एका औषधाच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या आणि एकाला किडनीमुळे अडीचच द्यायची असेल, तर डॉक्टर मुद्दाम सांगतात तो आकडा अडीच असतो. मशीनचा ओढा पाचकडे असतो. आवाज स्वच्छ असेल तर कान जिंकतो. आवाज पुसट असेल तर सवय जिंकते.

आणि मशीनकडे 'मला कळलं नाही' म्हणायची रीत नसते. आमच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी एकच नियम घोकून घेतला होता: ऐकू आलं नाही तर ब्लँक सोडा, अंदाज लिहू नका. ब्लँक म्हणजे पाच अधोरेषा आणि शेजारी ध्वनिफितीतली वेळ. तिथून तो कागद क्यूएकडे जायचा, म्हणजे आमच्यातल्या अनुभवी तपासनिसाकडे. त्यांनाही कळलं नाही तर डॉक्टरांकडे. ब्लँक जास्त पडले तर आमचे गुण कापले जायचे, पण अंदाजाने चुकीचं औषध लिहिलं तर त्याहून कितीतरी जास्त. मशीन मात्र तिथे कुठलातरी शब्द बसवतं, आणि तो शब्दही आजूबाजूच्या शब्दांइतकाच ठाम दिसतो.

चुका मोजायच्या कशा

चुकांचे तीन प्रकार मानतात. एका शब्दाच्या जागी दुसरा येणं, शब्द गळणं आणि नसलेला शब्द घुसणं. तिन्हींची बेरीज करून मुळात बोललेल्या शब्दांच्या संख्येने भागलं की शब्द-चूक दर मिळतो. कंपन्या जाहिरातीत ज्या अचूकतेचे आकडे देतात, ते बहुधा याच हिशोबातून येतात.

आता हे वाक्य बघा. 'रुग्णाला गेल्या तीन दिवसांत ताप आलेला नाही, खोकला मात्र आहे.' दहा शब्द. यातला 'मात्र' गळला तर दहा टक्के चूक. 'नाही' गळला तरी दहा टक्केच चूक. पहिल्या चुकीने काही बिघडत नाही. दुसरीने तीन दिवसांचा ताप जन्माला येतो. हा दर या दोघांत फरक करत नाही. त्यामुळे कुणी नुसतं '९८ टक्के अचूक' म्हटलं की मी विचारते, उरलेल्या दोन टक्क्यांत काय आहे?

याचं चांगलं उत्तर २०१८ साली जामा नेटवर्क ओपन या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात मिळतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स आणि कोलोरॅडो इथल्या दोन आरोग्यसंस्थांमधल्या १४४ डॉक्टरांच्या २१७ नोंदी घेऊन त्या तीन टप्प्यांवर तपासल्या. मशीनच्या कच्च्या मजकुरात शब्द-चूक दर ७.४ टक्के होता. ट्रान्स्क्रिप्शनिस्टने आवाज ऐकून दुरुस्त केल्यावर तो ०.४ टक्के झाला. डॉक्टरांनी वाचून सही केल्यावर ०.३ टक्के. मोठी उडी मधल्या माणसामुळे पडली. माझ्या धंद्याच्या अभिमानापोटी हे लिहीत नाही, आकडेच तसे आहेत.

त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी आहेत. सही झालेल्या नोंदींपैकी ४२.४ टक्के नोंदींत एक तरी चूक शिल्लक होती. आणि कच्च्या मजकुरातल्या चुकांपैकी १५.८ टक्के चुका वैद्यकीय माहितीच्या होत्या, तर दुरुस्तीनंतर उरलेल्या चुकांत हे प्रमाण २६.९ टक्क्यांवर गेलं. असं का व्हावं? मला याचं नवल वाटलं नाही. विचित्र वाक्य डोळ्यांना टोचतं, म्हणून ते सुधारलं जातं. 'उजव्या'च्या जागी 'डाव्या' टोचत नाही.

मधला माणूस काढला तर काय होतं? तातडीच्या विभागात डॉक्टर स्वतः बोलतात, शब्द समोर उमटतात आणि तेच घाईत दुरुस्ती करून सही करतात. अशा १०० नोंदींचा एक अमेरिकी अभ्यास २०१६मध्ये आला. ७१ नोंदींत चुका होत्या आणि १५ नोंदींत रुग्णाच्या उपचारावर परिणाम करू शकेल अशी गंभीर चूक होती. टोरंटोत स्तनांच्या तपासण्यांचे रिपोर्ट असेच पाहिले गेले. २०११मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांनुसार मशीनने लिहिलेल्या २३ टक्के रिपोर्टमध्ये किमान एक मोठी चूक होती, तर डिक्टेशन ऐकून माणसाने टाइप केलेल्या रिपोर्टमध्ये ४ टक्के.

तरी माणूस बसवला की प्रश्न मिटला, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं एक प्रकरण आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. २००८ साली एका रुग्णाच्या डिस्चार्ज समरीत इन्सुलिनचे ८ युनिट होते ते ८० झाले. ते डिक्टेशन भारतात टाइप झालं होतं, माणसांनी. डॉक्टरांनी न तपासलेला तो कागद पुढच्या संस्थेत पोचला, त्यावरून इन्सुलिन दिलं गेलं आणि रुग्ण दगावली. २०१२मध्ये ज्युरीने १४ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. एक शून्य टाइप करणाऱ्याकडून पडलं, पण त्यानंतरच्या प्रत्येक हातातून ते तसंच पुढे गेलं. 'इतकं इन्सुलिन?' असं विचारायची संधी प्रत्येकाला होती.

आधी आवाज सुधारा

चुका कमी करण्याची सगळ्यांत स्वस्त जागा मायक्रोफोन आहे आणि तिच्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष जातं. मोकळ्या जागेत तोंडापासूनचं अंतर दुप्पट केलं की पोचणारा आवाज सहा डेसिबलने पडतो. पंखा, एसी, बाहेर नंबर पुकारणारी मावशी, रडणारं बाळ यांचा आवाज मात्र तेवढाच राहतो. टेबलावर पालथा पडलेला फोन आणि तोंडापासून चार बोटांवर धरलेला डिक्टेशन मायक्रोफोन यांच्यात म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आमच्याकडे एका विभागात फक्त एवढा बदल केला आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या शंका पहिल्याच आठवड्यात उतरल्या.

फोनवरून डिक्टेशन देत असाल तर आणखी एक अडचण. साध्या टेलिफोन लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमधलाच आवाज जातो. 'स' आणि 'फ' यांना वेगळं ओळखवणारी बरीचशी खूण त्याच्या वर असते. ती वाटेतच कापली जाते. मग मशीन काय आणि मी काय, दोघंही संदर्भावर चालतो.

बोलण्याची पद्धतही मोजावी लागते. पूर्वीच्या सॉफ्टवेअरना प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागे. ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंगसारखी सलग बोलणं घेणारी सॉफ्टवेअर १९९७मध्ये बाजारात आली, तरी कित्येक ज्येष्ठ डॉक्टर अजून शब्द तोडून तोडून बोलतात. त्याने नुकसान होतं. मशीन आजूबाजूच्या शब्दांवरून अर्थ लावतं, म्हणून पूर्ण वाक्य नेहमीच्या गतीने बोललेलं त्याला जास्त कळतं. वाक्य मनात जुळवायचं आणि मगच बटण दाबायचं. 'अं', 'म्हणजे', 'नाही नाही, ते खोडा' हे सगळं नाहीतर कागदावर येतं.

आकड्यांसाठी वेगळा नियम. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांत गफलत होते हे सगळ्यांना माहीत आहे, तरी कोणी जास्तीचे दोन शब्द बोलत नाही. 'फिफ्टीन, वन फाइव्ह' असं म्हणायला एक सेकंद लागतो. तोंडी ऑर्डर देताना आकडे सुटे करून सांगावेत, ही औषध-सुरक्षेची जुनी शिकवण आहे आणि मशीनशी बोलतानाही ती तशीच लागू पडते. 'पॉइंट फाइव्ह' म्हणू नये, 'झिरो पॉइंट फाइव्ह' म्हणावं. पॉइंट गळला तर ०.५चे ५ होतात. पुढे शून्य असेल तर निदान 'झिरो फाइव्ह' असं काहीतरी खटकणारं उरतं. उलट '१.०' असं लिहू नये, कारण टिंब पुसट झालं की ते १० वाचलं जातं.

नकार हा दुसरा नाजूक भाग. 'नो' हा एवढासा शब्द, म्हणून तो गळतोही आणि बदलतोही. 'अफेब्राइल' म्हटलं की 'अ फेब्राइल' उमटू शकतं, म्हणजे ताप नसलेला माणूस तापलेला. त्यापेक्षा तापमानाचा आकडा बोलावा. 'हायपोकॅलेमिया' म्हणजे रक्तात पोटॅशियम कमी, 'हायपरकॅलेमिया' म्हणजे जास्त; यांत एक अक्षर इकडचं तिकडे झालं की उपचार उलटा होतो, म्हणून शेजारी 'पोटॅशियम टू पॉइंट नाइन' असं बोललेलं बरं. एक शब्द चुकला तरी दुसरा साक्षीला राहतो. हाडांचे डॉक्टर 'ॲबडक्शन' (हात-पाय शरीरापासून दूर नेणं) हे 'ॲडक्शन'सारखं (जवळ आणणं) ऐकू येऊ नये म्हणून 'एबी-डक्शन' म्हणतात. माणसांनी माणसांसाठी शोधलेल्या या वाटा मशीनलाही उपयोगी पडतात.

शब्दसंग्रह आणि राखणदार

औषधांची नावं हा सगळ्यांत अवघड मुलूख. अमेरिकेत सेलेब्रेक्स हे सांधेदुखीचं, सेलेक्सा हे नैराश्याचं आणि सेरेबिक्स हे फेफऱ्याचं औषध आहे. तिन्ही भरभर म्हणून बघा. हायड्रॅलाझिन रक्तदाबासाठी, हायड्रॉक्सिझिन खाजेसाठी आणि अस्वस्थतेसाठी. मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडाझोल ही जोडी तर आपल्या प्रत्येक केमिस्टच्या फळीवर आहे. भारतात त्यात ब्रँडनावांची भर पडते. ती इतकी आहेत आणि एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत की बाहेरून आणलेल्या सॉफ्टवेअरला ती ओळखीची असतील असं धरूनच चालू नये.

म्हणून रुग्णालयाने आपला शब्दसंग्रह मशीनला शिकवावा लागतो. फार्मसीतल्या औषधांची यादी, डॉक्टरांची नावं, विभागागणिक शब्द. हृदयविभागात 'स्टेंट' जास्त शक्य, हाडांच्या विभागात 'स्प्लिंट'. यादी भरली की बरंच सुधारतं. मात्र यादीचं वजन फार वाढवलं तर मशीनला तेच शब्द जिथेतिथे ऐकू येऊ लागतात. म्हणून यादी भरणारा माणूस आणि चुका बघणारा माणूस एकमेकांशी बोलत राहिले पाहिजेत. आमच्याकडे सुरुवातीला यादी संगणक विभागाने भरली होती आणि तिथल्या कुणालाही कोणती चूक होतेय हे दिसतच नव्हतं.

मजकूर तयार झाल्यावर साध्या नियमांचा एक राखणदार बसवता येतो. रुग्ण पुरुष आहे आणि नोंदीत गर्भाशय आलंय. एक्स-रे डाव्या गुडघ्याचा मागवलाय आणि रिपोर्टमध्ये उजवा आहे. औषध रुग्णाच्या चालू औषधांत नाही आणि 'नवीन सुरू' असंही म्हटलेलं नाही. डोस त्या औषधाच्या नेहमीच्या मर्यादेबाहेर आहे. अशा वेळी संगणकाने थांबून विचारावं. अलाबामातले ८० युनिट अशाच एका प्रश्नावर अडले असते.

हल्ली दुरुस्तीसाठी मोठी भाषा-मॉडेल वापरतात, चॅटजीपीटीच्या मागे असतात तशी. ती विस्कळित वाक्य छान सरळ करतात आणि मला भीती त्याचीच वाटते. खडबडीत चूक मला दिसते, गुळगुळीत केलेली चूक दिसत नाही. अशा मॉडेलने शंका दाखवावी, पर्याय सुचवावा. परस्पर बदल करू नये.

शांततेत ऐकू आलेलं

बोलणं ऐकून लिहिणाऱ्या ओपन एआयच्या व्हिस्पर या प्रणालीवर २०२४मध्ये एक अभ्यास सादर झाला. ध्वनिफितींच्या सुमारे १ टक्का तुकड्यांत कुणीही न बोललेली आख्खी वाक्यं किंवा वाक्यांश आढळले, आणि त्यातले ३८ टक्के घातक स्वरूपाचे होते, हिंसेचे उल्लेख किंवा बनावट माहिती असलेले. बोलण्यात लांब विराम असले की हे जास्त घडत होतं. आवाज होते ॲफेजिया असलेल्या आणि नसलेल्या माणसांचे. ॲफेजिया म्हणजे पक्षाघात वगैरेनंतर शब्द सापडेनासे होणं. म्हणजे जो माणूस शब्द शोधत थांबतो, त्याच्या थांबण्यात मशीन आपले शब्द भरतं. हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. माझे काका पक्षाघातानंतर एकेका शब्दासाठी अर्धा मिनिट थांबत आणि आम्ही सगळे श्वास धरून वाट बघत असू.

त्याच वर्षी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या बातमीत एक उदाहरण होतं: एका ध्वनिफितीच्या लेखनात 'हायपरॲक्टिव्हेटेड अँटिबायोटिक्स' असं औषध आलं, जे अस्तित्वातच नाही. याच प्रणालीवर उभं केलेलं एक साधन दवाखान्यांत वापरलं जात होतं आणि ते मूळ आवाज पुसून टाकत होतं, हेही त्या बातमीत होतं. आवाजच नसेल तर ताडून बघणार कशाशी? नोंदीवर सही होईपर्यंत आवाज जपला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो रुग्णाच्या संमतीने घ्यावा, कुलपात ठेवावा आणि ठरलेल्या मुदतीनंतर पुसावा.

तांत्रिक उपायही आहेत. बोलणं कुठे आहे आणि शांतता कुठे, हे आधी ओळखून शांततेचे तुकडे मशीनला द्यायचेच नाहीत. दोन वेगळ्या प्रणालींना ऐकवून जिथे त्यांचं जमत नाही तिथे खूण करायची. आणि मशीनला स्वतःच्या प्रत्येक शब्दाबद्दल किती खात्री आहे तो आकडा बहुतेक प्रणालींत आत कुठेतरी असतो, तो दडवून न ठेवता शब्दामागे पिवळा रंग म्हणून दाखवायचा. मशीन अत्यंत खात्रीनेही चुकतं, त्यामुळे पिवळं नाही ते बरोबर असं मानता येत नाही. पण निदान थोड्या जागी तरी ते 'इथे मला नीट कळलं नाही' म्हणायला शिकतं.

सात की साठ

आपल्या दवाखान्यात रुग्ण मराठीत बोलतो, डॉक्टर मराठीत विचारतात, मध्येच मावशीला हिंदीत काही सांगतात आणि नोंद इंग्रजीत होते. एका वाक्यात तीन भाषा. 'शुगर फास्टिंगला किती होती? गोळी उपाशीपोटी घेता ना?' इंग्रजीवर तयार झालेलं मशीन इथे अडखळणारच. ज्यांचा आवाज शिकवणीत कमी असतो त्यांच्या बोलण्यात चुका जास्त होतात, हे अमेरिकेतही दिसलं आहे. २०२०च्या एका अभ्यासात पाच मोठ्या कंपन्यांच्या प्रणालींचा सरासरी शब्द-चूक दर गोऱ्या वक्त्यांसाठी १९ टक्के आणि कृष्णवर्णीय वक्त्यांसाठी ३५ टक्के निघाला होता. मग साताऱ्याच्या, चंद्रपूरच्या, मालवणच्या आजींच्या मराठीचं काय होत असेल?

मराठीत 'सात' आणि 'साठ' यांच्यात जीभ दातांवरून टाळूकडे सरकते आणि श्वास थोडा जास्त सुटतो, एवढाच फरक. 'पंचवीस' आणि 'पस्तीस' घाईत जवळ येतात. 'दीड गोळी', 'अडीच चमचे', 'पाऊण तास', 'सव्वा महिना' हे आपले रोजचे आकडे, त्यांचं इंग्रजीत रूपांतर करताना पाव-अर्धा इकडेतिकडे होतो. आणि आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. 'छातीत दुखत नाही', 'उलटी झाली नाही'. म्हातारं माणूस वाक्याच्या शेवटापर्यंत येतं तेव्हा त्याचा श्वास संपलेला असतो आणि नेमकं 'नाही'च ओठांत राहतं.

शिवाय दुखण्याचे आपले शब्द. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, जळजळ वेगळी. 'कळ येतेय' म्हटलं की पोटात येऊन जाऊन दुखणारं काहीतरी, हे डॉक्टरांना तिथेच कळतं. बातचीत ऐकून आपोआप इंग्रजी नोंद करणाऱ्या साधनाने या सगळ्यांना नुसतं 'पेन' लिहिलं, तर शब्द-चूक दरात ती चूक धरलीही जाणार नाही, पण निदानाचा धागा सुटेल. मद्रास आयआयटीच्या एआयफॉरभारत गटाने बावीस भारतीय भाषांतलं बोलणं गोळा करायला घेतलंय, भारतीय भाषांसाठीचा सरकारचा भाषिणी हा प्रकल्पही आहे. हे काम मोलाचं आहे. त्याच्या जोडीला ओपीडीतली मराठी लागेल, संमतीने रेकॉर्ड केलेली, आणि ती नीट उतरवून घेणारी माणसं लागतील.

डोळ्यांना फसू द्यायचं नाही

शेवटी वाचणं उरतं. स्वतः बोललेलं स्वतः वाचताना डोळे कागदावर असतात आणि मन आपण काय म्हणालो ते वाचतं. त्यामुळे लगेच वाचण्यापेक्षा थोड्या वेळाने वाचलेलं बरं, आणि त्याहून बरं दुसऱ्याने आवाज ऐकत वाचलेलं. प्रत्येक नोंदीला ते परवडत नाही, हे मी जाणते. मग निदान डिस्चार्ज समरी, ऑपरेशन नोट आणि कॅन्सरचे रिपोर्ट यांना तरी दुसरी नजर मिळावी. बाकी ठिकाणी सगळा मजकूर सारख्या लक्षाने वाचण्यापेक्षा औषध, आकडा, बाजू आणि नकार या चार जागी थांबावं. मी नव्या मुलांना पेन्सिल घेऊन या चारच गोष्टींना गोल करायला लावते. पानात पंधरा-वीस गोल होतात, तेवढेच आवाजाशी ताडायचे.

आणि तुम्ही रुग्ण असाल किंवा घरच्यांना घ्यायला आला असाल, तर डिस्चार्ज कार्ड काउंटरवरच वाचा. नाव, वय, ऑपरेशनची बाजू, ॲलर्जी, प्रत्येक गोळी किती आणि कधी. न पटलेलं विचारायला संकोच करू नका. आमच्याकडे एका काकूंनी 'माझा उजवा खांदा हो, डावा नाही' म्हणून कार्ड परत केलं होतं, आणि ती चूक आम्हा तिघांच्या नजरेतून सुटलेली होती.

गेल्या पावसाळ्यात एका रेसिडेंट डॉक्टरांच्या नोंदीत मशीनने '१७ युनिट' लिहिलं होतं. मला ऐकताना 'सेव्हन्टीन' की 'सेव्हन्टी' ते काही केल्या लागेना. मी तो आकडा काढला, पाच अधोरेषा टाकल्या, शेजारी वेळ लिहिली आणि त्यांना बोलावलं. ते आले, हेडफोन लावला, तीनदा ऐकलं. मग हेडफोन काढून म्हणाले, "मॅडम, मी काय म्हणालोय ते मलाच कळत नाहीये." त्यांनी तिथूनच वॉर्डात फोन लावला, सिस्टरना औषधांचा चार्ट उघडायला सांगितलं, आकडा दोनदा वदवून घेतला आणि मग तो त्या रिकाम्या जागेत स्वतःच्या हाताने भरला.